फूल सापडते, जात ठरवावी लागते

जूनचा पहिला पाऊस पडला की बदलापूरच्या बाजारात आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. जांभळट-तपकिरी रंगाचे, बोटाएवढ्या जाडीचे गुंडाळलेले कोंब, दोऱ्याने बांधलेल्या जुड्या, आणि शेजारी काकडाच्या आंबट हिरव्या फळांचा ढीग. शेवळं नुसती शिजवली तर घसा खवखवतो, म्हणून काकड हवाच. अंबरनाथ-उल्हासनगरच्या मंडईतही ही जोडी दिसते. एका वर्षी नववीच्या वर्गात फुलोऱ्याचे प्रकार शिकवताना मी अशी एक जुडी घेऊन गेलो. कोंब उलगडला, आतला दांडा दाखवला, खालची मादीफुले आणि वरची नरफुले भिंगातून पाहायला दिली. सगळे छान चालले होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, याचं पान कुठं आहे?"

मला सांगता आले नाही. मी वर्षानुवर्षे शेवळाची भाजी खाल्ली होती, पण शेवळाचे पान मी ओळखत नव्हतो. पुढच्या रविवारी ज्या मावशींकडून जुडी घेतली होती त्यांनाच जाऊन विचारले. त्या हसल्या. म्हणाल्या, "पान मागनं येतं, सर. पान येतं तवा शेवळं नसतं." ऑगस्टमध्ये कोंडेश्वरच्या वाटेवर मुलांना घेऊन गेलो तेव्हा ठिपकेदार देठावर छत्रीसारखे उघडलेले, खूप कापलेले एकच मोठे पान जागोजागी उभे होते. ते पान आम्ही दर पावसाळ्यात पाहत होतो. फक्त ते शेवळाचे आहे हे ठाऊक नव्हते. जूनमधला फुलोरा आणि ऑगस्टमधले पान आमच्या लेखी दोन वेगळी झाडे होती!

हा किस्सा सांगायचे कारण असे की, वर्तमानपत्रात अधूनमधून "सह्याद्रीत फुलझाडाची नवी जात सापडली" अशी बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, "नवी म्हणजे काय? ती आजवर कुणी पाहिलीच नव्हती? आणि ती नवी आहे हे यांना कसं कळलं?" मुलांच्या डोळ्यासमोर एक चित्र असते : कुणी शास्त्रज्ञ जंगलात जातो, एकदम एक अनोळखी फूल दिसते, तो आनंदाने ओरडतो, झाले संशोधन. प्रत्यक्षात फूल सापडणे हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो. बाकीचे काम म्हणजे शेवळाच्या पानाचा प्रश्न सोडवण्यासारखे आहे.

प्रथम 'नवी' या शब्दाविषयी. वनस्पतीची नवी जात म्हणजे नुकतीच जन्माला आलेली जात नव्हे. ती हजारो वर्षे तिथेच उगवत असते. पुष्कळदा स्थानिक लोकांना ती ठाऊकही असते, तिला नाव असते, तिचा कंद कुणी भाजून खात असते. विज्ञानाच्या दृष्टीने ती नवी एवढ्याच अर्थाने की, तिचे वर्णन आणि दोन शब्दांचे शास्त्रीय नाव अजून कुणी प्रसिद्ध केलेले नाही. शेवळाचेच पाहा. ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस हे त्याचे नाव. आपल्या सुरणाचा हा जवळचा नातलग. एकोणिसाव्या शतकात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले ते व्हिएन्नाच्या शोनब्रुन उद्यानाचे प्रमुख हाइनरिश शॉट यांनी, आणि शॉट कधी भारतात आलेच नव्हते. आमच्या मावशींच्या पणजीने शेवळाची भाजी केली असेल तेव्हा विज्ञानाच्या लेखी शेवळं अस्तित्वातच नव्हती. यात कुणाचा अपमान समजायचे कारण नाही; दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत, इतकेच. मात्र पहिली नोंदवही दुसरीला किती उपयोगी पडते हे आमच्या पानाच्या प्रश्नावरून कळले.

आता एक अलीकडचे उदाहरण नीट पाहू. बदलापूरहून कर्जतमार्गे बोरघाट चढून गेले की आधी खंडाळा लागतो. आपली उल्हास नदी याच डोंगरांतून निघते. या भागातल्या वनस्पतींची बारकाईने नोंद केली ती मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश प्राध्यापक फादर सांतापाव यांनी. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्णन केलेल्या जातींमध्ये अडुळशाच्या कुलातील डिक्लिप्टेरा घाटिका नावाची एक जात आहे. खंडाळा, लोणावळा मागे टाकून आणखी पुढे गेले की तळेगाव दाभाडे येते. तिथल्या माळावर २०२० सालच्या वसंतात याच डिक्लिप्टेरा प्रजातीतील एक झुडूप आदित्य धारप यांनी गोळा केले. हे माळ म्हणजे कुठले घनदाट अरण्य नव्हे. गुरे चरतात, उन्हाळ्यात गवताला आगी लावल्या जातात, शेजारून रस्ते जातात. अशा जागी कुणी नवी जात शोधायला जाईल असे आपल्याला वाटणार नाही.

या झुडपाची गंमत अशी की ते वर्षातून दोनदा फुलते, आणि दोन्ही वेळा वेगळे दिसते. पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्च-एप्रिलपर्यंत पहिला बहर. मग माळ जळतो. वरचा सगळा भाग राख होतो. पण जमिनीखाली लाकडासारखा टणक खोडवा जिवंत असतो. त्यातून मे-जूनमध्ये बुटके, आखूड धुमारे येतात आणि तेही फुलतात. या दुसऱ्या बहराला आगच चालना देते. नोव्हेंबरात काढलेला नमुना आणि मेमध्ये काढलेला नमुना शेजारी ठेवला तर कुणीही म्हणेल, ही दोन झाडे वेगळी. पुन्हा शेवळाचाच प्रश्न!

म्हणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. मंदार दातार आणि धारप यांनी नमुना मिळाल्याबरोबर नाव जाहीर केले नाही. त्यांनी पुढची काही वर्षे तेच माळ पाहिले. दिसणारी लक्षणे दरवर्षी तीच राहतात का? सगळ्या झाडांवर दिसतात का? की एखाद्याच झाडात, एखाद्याच कोरड्या वर्षात? तशी ती टिकून आहेत असे दिसल्यावर दुसरा प्रश्न होता. हीच जात दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या नावाने कुणी आधीच वर्णिली तर नाही? भारतातल्या इतर डिक्लिप्टेरांमध्ये कणसासारखा लांब फुलोरा नाही. या झुडपात तो होता. तसा फुलोरा असलेले जवळचे नातलग आफ्रिकेत आहेत. तेव्हा भारतातले नमुने तपासून भागणार नव्हते. लंडनच्या क्यू उद्यानातील इयन डार्बिशायर हे या गटाचे जाणकार. त्यांनी नमुना तपासून नवेपणाला दुजोरा दिला आणि २०२४ मध्ये तिघांच्या नावे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव ठेवले डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा, म्हणजे अनेक रूपे असलेली. नावातच तिची अडचण आणि तिची ओळख दोन्ही आली.

सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत चार वर्षे. हे फार झाले असे वाटत असेल तर पुढचा आकडा पाहा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने वर्णन झालेल्या फुलझाडांचे पहिले नमुने कधी गोळा केले होते ते तपासले गेले. गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झाले अशा जाती फक्त १६ टक्के होत्या. जवळजवळ पाव हिस्सा जातींच्या बाबतीत पन्नास वर्षांहून जुने नमुने कामी आले होते. म्हणजे झाड कुणीतरी आणले, वाळवले, कपाटात ठेवले. आणणारा निवृत्त झाला, कदाचित वारलाही. आणि मग एके दिवशी त्या गटाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने ते कपाट उघडले. नव्या जाती डोंगरात आहेत तशाच कपाटांतही आहेत.

या कपाटांना हर्बेरियम म्हणतात. वाळवून, दाबून, सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा तो संग्रह असतो. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचे, आघारकर संस्थेचे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे आणि मुंबईत सेंट झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम, ही आपल्याला जवळची. एखाद्या विज्ञान सहलीत मुलांना तारांगण दाखवतो तसे पूर्वपरवानगी घेऊन हर्बेरियमही दाखवावे असे मला फार वाटते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथे काही विशेष दिसत नाही. तपकिरी झालेली पाने, फिकी फुले, डांबरगोळ्यांसारखा वास. पण प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते आणि खरा जीव त्या चिठ्ठीत असतो : कुठे, कधी, कुणी, किती उंचीवर, कशा जमिनीत, फुलाचा ताजेपणीचा रंग कोणता. चिठ्ठी नसलेला सुंदर नमुना म्हणजे नुसते गवत.

यांतला एखादाच कागद असा असतो की त्याच्यावर एका जातीचे नाव कायमचे बांधलेले असते. त्याला टाइप नमुना म्हणतात. मुलांना समजवायला मी मीटरची जुनी पट्टी आठवायला सांगतो. पूर्वी पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या एका पट्टीवरच्या दोन खुणांमधले अंतर म्हणजे एक मीटर, अशी व्याख्या होती. तसे अमुक जातीचे नाव म्हणजे या कागदावरच्या झाडाचे नाव. पुढे कुणी म्हणाले की माझ्याकडचे झाडही त्याच जातीचे, तर वाद मिटवायला शेवटी त्या कागदापाशी जावे लागते. इथे एक फरक ध्यानात ठेवावा. टाइप नमुना हा त्या जातीचा आदर्श किंवा सर्वांत देखणा प्रतिनिधी असतो असे नाही. तो किडका असेल, अर्धा फुललेला असेल. नाव त्याला बांधलेले आहे, बस. १ जानेवारी १९५८ पासून टाइप सांगितल्याशिवाय नवे नाव ग्राह्य धरले जात नाही. आपल्या देशात तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नव्या जातीचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो.

गोळा करणारा, तपासणारा आणि नाव देणारा अशी तीन वेगळी माणसे असली की श्रेयाचे काय होते? आंबा घाटात एक झुडूप आहे. पिवळ्या-केशरी घंटांसारखी लोंबती फुले, म्हणून त्याला सोनघंटा म्हणतात. पुण्याच्या त्या वेळच्या विज्ञान महाविद्यालयात वुड्रो हे वनस्पतींचे अध्यापक होते आणि हर्बेरियमचे काम रानडे नावाचे गृहस्थ पाहत. झाड रानड्यांच्या हाती लागले. वुड्रो आणि क्यूचे स्टाफ या दोघांनी १८९४ मध्ये त्याचे वर्णन केले. शास्त्रीय रिवाजाप्रमाणे जातीच्या नावापुढे लिहितात ते वर्णन करणाऱ्यांचे नाव, गोळा करणाऱ्याचे नव्हे. त्यामुळे पुस्तकात 'वुड्रो आणि स्टाफ' असे छापले जाते. पण त्या दोघांनी जात केली ॲब्युटिलॉन रानडेई, म्हणजे रानड्यांचे ॲब्युटिलॉन. घाट तुडवणाऱ्या त्या माणसाचे नाव आज टिकले आहे ते मुख्यतः या सोनघंटेमुळे. त्या काळचे असे आणखी किती जण नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर आडनावापुरते उरले आहेत, कुणी बसून मोजले पाहिजे.

नावाच्या व्याकरणाची मुलांना भीती वाटते. ती काढून टाकायला ही नावे फोडून दाखवावीत. 'रानडेई' म्हणजे रानड्यांची. 'कोंकनेन्सिस' म्हणजे कोकणातली. 'अंजनेरिका' म्हणजे नाशिकजवळच्या अंजनेरीची. २०२५ मध्ये विशाळगडावरून वर्णन झालेल्या सेरोपेजियाच्या नव्या जातीला छत्रपती शिवाजी महाराजांवरून 'शिवरायियाना' नाव दिले गेले. शेपट्या लॅटिन आहेत, शब्द आपले आहेत. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नुसते नावच नव्हे, नव्या जातीचे वर्णनही लॅटिनमध्ये लिहिणे सक्तीचे होते. त्यामुळे आपल्याकडचे कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन परिच्छेदांपुरते लॅटिन शिकत, नाहीतर एखाद्या पाद्र्याला गाठत. २०१२ पासून वर्णन इंग्रजीतही चालते. मराठीत अजून चालत नाही!

सेरोपेजियाचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्यापाशी थोडे थांबू, कारण जाती वेगळ्या ठरवताना नेमके काय पाहतात ते या फुलात फार सुरेख दिसते. मराठीत याला खरतुडी किंवा कंदीलपुष्प म्हणतात. पावसाळ्यात गवतातून वर येणारा वेल किंवा छोटे रोप, जमिनीत कंद. फूल कंदिलासारखे, खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाच पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा. वासाने लहान माश्या येतात, वरून आत घसरतात. नळीत खाली वळलेले केस असतात. आत जाता येते, बाहेर येता येत नाही. तळाशी माशीची धडपड चालू असताना परागांचे छोटे पुंजके तिच्या अंगाला चिकटतात. काही काळाने केस सुकतात, फूल कलते, दार उघडते आणि माशी निघून पुढच्या कंदिलात अडकते. फसवणूक आहे, पण जीव घेणारी नाही.

आता दोन खरतुड्या बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात तेव्हा काय करायचे? फूल उभे चिरायचे. तळाशी पुंकेसर आणि स्त्रीकेसर मिळून झालेल्या खांबाभोवती एक छोटा मुकुट असतो. त्याच्या कळ्या किती, आखूड की लांब, टोके सरळ की बाहेर वळलेली, केस आहेत की नाहीत, यावरून जाती ठरतात. हे सगळे दोन-चार मिलिमीटरच्या जागेत. कागदाखाली दाबल्यावर हा मुकुट चपटा होऊन ओळखू येत नाही, म्हणून एक-दोन फुले स्पिरिटमध्ये वेगळी ठेवावी लागतात. सह्याद्रीत या प्रजातीच्या जातींचे वर्णन करण्यात एम. वाय. अन्सारी, हेमाद्री, कुलकर्णी आणि नंतर कोल्हापूरचे डॉ. एस. आर. यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांचा मोठा वाटा आहे. त्यांतल्या कित्येक जाती एखाद्या गडाच्या एखाद्या उतारापुरत्या आहेत. शाळेच्या मैदानाएवढ्या जागेत एका जातीची बहुतेक सगळी झाडे, असेही असते. तिथे एक रस्ता, एक हॉटेल, एक पवनचक्की पुरते.

मग एक अवघड प्रश्न येतो, आणि वरच्या वर्गातली मुले तो विचारतातच. फरक किती असला म्हणजे जात वेगळी? मुकुटाच्या टोकाला केस असणे एवढ्यावरून? याला काटेकोर उत्तर नाही. एकाच लक्षणात फरक असेल तर वनस्पतिशास्त्रज्ञ सावध राहतात; एकमेकांशी संबंध नसलेली दोन-तीन लक्षणे एकत्र बदलत असतील आणि मधल्या अवस्थेची झाडे सापडत नसतील तर जात वेगळी धरतात. आता डीएनएची साक्षही काढतात. धानाच्या खाचरांत आणि कातळावरच्या डबक्यांत येणाऱ्या गेंदांच्या, म्हणजे एरिओकॉलॉनच्या, वंशावळीचा अभ्यास आघारकर संस्थेत चालू होता तेव्हा सिंधुदुर्ग आणि कर्नाटकातल्या कुमठा इथल्या नमुन्यांमधून दोन नव्या जाती निघाल्या. एकीचे नाव पार्विसेफालम, म्हणजे छोट्या डोक्याची. पांढऱ्या मण्यांसारखे ते गेंद दुरून सगळे एकसारखे दिसतात. पण डीएनएसुद्धा शेवटचा न्यायाधीश नव्हे. किती फरक म्हणजे पुरे, हे तिथेही माणसालाच ठरवावे लागते. त्यामुळे 'नवी जात' हे एक अनुमान असते, पुराव्यासहित मांडलेले. उद्या कुणी अधिक नमुने पाहून ते खोडू शकतो, आणि तसे पुष्कळदा होते.

नावे का बदलतात याचेही उत्तर इथेच आहे. जुन्नर परिसराच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकडी घ्या. निवडुंगासारखी रसाळ खोडे, पण पाने असलेली, आणि तांबड्या, पिवळ्या ठिपक्यांची मखमली फुले. डाल्झेल यांना ती इतकी वेगळी वाटली की त्यांनी १८६० च्या दशकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून नाव दिले फ्रेरिया इंडिका. पुढच्या अभ्यासकांना ती कॅरालुमा प्रजातीतलीच वाटली. पण कॅरालुमा इंडिका नावाची एक जात आधीच होती आणि एका नावाच्या दोन जाती चालत नाहीत. म्हणून ती १९५८ मध्ये कॅरालुमा फ्रेराय झाली. गव्हर्नरसाहेब आडनावाच्या जागेवरून नावाच्या जागेवर आले! आता ती बुसेरोशिया प्रजातीत धरतात. झाड त्याच कड्यावर, तसेच. बदलले ते आपले नात्यांविषयीचे मत. नाव बदलले म्हणून वैतागणाऱ्या शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी त्रास कमी होईल.

शाळेत यातले काय करता येईल? नवी जात शोधू असे मुलांना सांगून नेऊ नये. तशी आशा लावली की प्रत्येक अनोळखी फूल उपटले जाते. मी मुलांना एक जागा देतो. आमच्याकडे ती बारवीच्या रस्त्याकडेचा एक उतार आहे. तुमच्याकडे शाळेमागचा माळ असेल, मलंगगडाच्या पायथ्याचा ओढा असेल, उल्हासनगरात तर कॅम्पातली एखादी मोकळी राहिलेली जागासुद्धा चालेल. वर्षभर, दर पंधरा दिवसांनी तीच जागा पाहायची. काय उगवले, काय फुलले, कशावर फळ आले, कोणते पान कोणत्या फुलाचे. तळेगावच्या माळावर नेमके हेच केले गेले होते.

नमुना काढायचाच असेल तर तिथे त्या झाडाची भरपूर संख्या असेल तरच. चार-पाचच झाडे असतील तर नुसते रेखाटन किंवा फोटो घ्यावा. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय काही तोडू नये. नमुन्यात पान, फूल, आणि मिळाले तर फळ हवे. रोप लहान असेल तर मुळासकट. वाळवायला गुळगुळीत मासिकांचा कागद घेऊ नका, साधे वर्तमानपत्र घ्या. ते ओल शोषते. आमच्या भागातली खरी अडचण जुलै महिना. हवाच इतकी ओली असते की दोन दिवसांत नमुन्यावर बुरशी चढते. आमचे पहिल्या वर्षीचे बावीस नमुने असेच गेले, चिठ्ठ्यांसकट. आता पहिले चार दिवस रोज दोनदा कागद बदलतो, आणि ओले कागद इस्त्रीने कोरडे करून पुन्हा वापरतो. एका पालकांच्या बेकरीत भट्टीच्या वरच्या फळीवर दाबपाटी ठेवायची सोय झाली, तेव्हापासून रंगही बरा टिकतो. चिठ्ठी मात्र जागेवरच लिहायची, पेन्सिलीने. शाई पावसात जाते. घरी येऊन आठवून लिहिलेल्या चिठ्ठीत तारीख हमखास चुकते.

स्थानिक नाव विचारून लिहायचे आणि कुणी सांगितले तेही लिहायचे, सांगणाऱ्याच्या परवानगीने. आमच्या वहीत शेवळाच्या पानाला वेगळे नाव आहे का, हा प्रश्न अजून रिकामा आहे. मावशींना विचारले तर म्हणाल्या, पान विकत नाय, मग त्याला नाव कशाला? पण त्यांच्या सासूबाईंना ठाऊक असेल म्हणाल्या.

अंबरनाथ-बदलापूरच्या आजूबाजूचे माळ आणि भातखाचरे गेल्या तीस वर्षांत झपाट्याने इमारतींखाली गेली. आम्ही पाहतो त्या उताराच्या खालच्या अंगालाही आता सिमेंटचे खांब रोवून हद्द आखली आहे. वरच्या अर्ध्या भागात मागच्या वर्षी मुलांनी ८३ प्रकारची झाडे नोंदवली. त्यांतल्या ६१ ची नावे आम्हाला लावता आली. उरलेल्या बावीसांपैकी बहुतेक सगळी जाणकाराला एका दृष्टिक्षेपात ओळखू येतील याची मला खात्री आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नमुन्यांचे गठ्ठे घेऊन आम्ही हर्बेरियममध्ये जाणार आहोत. खांब रोवलेल्या बाजूचे नमुने मुलांनी वेगळ्या दोऱ्याने बांधले आहेत.